टपाल तिकिटांच्या प्रदर्शनाला जाताय? आधी आजोबांची ट्रंक उघडून बघा

गावाकडे ‘स्टॅम्प’ म्हटलं की तहसील कचेरीबाहेर बसणारा मुद्रांक विक्रेता डोळ्यासमोर येतो. खरेदीखत, हक्कसोडपत्र, प्रतिज्ञापत्र. त्यामुळे ‘जिल्ह्याला स्टॅम्पचं प्रदर्शन भरलंय’ असं कुणी सांगितलं तर ‘त्यात बघायचं काय?’ हा प्रश्न येणारच. पण हे प्रदर्शन त्या स्टॅम्पचं नसतं. पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात चिकटवायच्या टपाल तिकिटांचं असतं. आणि नुसत्या तिकिटांचंही नसतं. जुनी पोस्टकार्डं, इनलँड, तारा, पोस्टाचे शिक्के, फौजेतून आलेली पाकिटं असा बराच ऐवज तिथे मांडलेला असतो. म्हणजे गावातल्या कितीतरी घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत जे पडून आहे, तेच.

दिवाळीच्या साफसफाईत ही ट्रंक खाली येते. पोरं पाकिटांवरची तिकिटं टराटरा फाडून घेतात, उरलेले कागद रद्दीत नाहीतर बंबात जातात. त्यात काय गेलं हे कळायला एखादं टपाल प्रदर्शन पाहिलेलं असावं लागतं. म्हणून साफसफाईच्या आधी प्रदर्शन पाहून घेतलेलं बरं.

प्रदर्शन कुठे, कधी

भारतीय टपाल खातं जिल्हा, राज्य आणि देश अशा वेगवेगळ्या पातळ्यांवर ही प्रदर्शनं भरवतं. नावाच्या शेवटी बहुधा ‘पेक्स’ असतं. राज्याचं ते महापेक्स, देशाचं ते इनपेक्स. जिल्ह्याचं प्रदर्शन दोन-तीन दिवसांचं, शहरातल्या एखाद्या सभागृहात किंवा शाळेत. प्रवेशाला सहसा पैसे पडत नाहीत. मोठी जाहिरात होत नाही, हा मात्र दोषच आहे. गावच्या पोस्टमनला विचारून ठेवावं किंवा जिल्ह्याच्या मुख्य टपाल कार्यालयात फिलाटेलीच्या, म्हणजे तिकीट संग्रहाच्या काउंटरवर चौकशी करावी. ९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन. त्याला जोडून टपाल सप्ताह असतो, त्या सुमारास चौकशी केली तर काही ना काही कार्यक्रम कळतो.

पहिल्या दिवशी सकाळी उद्घाटनाला जायची घाई करू नये. पाहुणे येणार, दीपप्रज्वलन होणार, भाषणं होणार. तोवर फ्रेमकडे कुणी फिरकू देत नाही. उद्घाटनात एकच गोष्ट कामाची असते. त्या दिवशी एखाद्या विषयावर विशेष पाकीट निघतं आणि त्यावर त्या दिवसापुरता खास शिक्का मारला जातो. विषय बऱ्याचदा जिल्ह्यातलाच असतो: एखादा किल्ला, मंदिर, जुनी शाळा. जीआय मानांकन मिळालेल्या शेतमालावरही टपाल खात्याने अशी पाकिटं काढली आहेत. हे पाकीट नंतरही काउंटरवर मिळतं, पण मोजकीच छापतात, तेव्हा मागायला उशीर करू नये. बाकी प्रदर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत बघावं. शाळांच्या सहली साधारण अकरानंतर येतात. त्याआधीचा तासभर सोन्यासारखा.

फ्रेम कशी वाचायची

आत गेलं की रांगेने उभे पारदर्शक फलक दिसतात. त्यांना फ्रेम म्हणतात. एका फ्रेममध्ये साधारण १६ पानं असतात, चार ओळी, ओळीत चार. पुस्तकासारखं डावीकडून उजवीकडे वाचत जायचं. पहिलं पान सोडू नये. हा संग्रह कशाचा, किती काळाचा, त्यात काय महत्त्वाचं, हे संग्राहकाने तिथे लिहिलेलं असतं. ते न वाचता पुढे गेलं तर सगळी तिकिटं सारखीच दिसायला लागतात आणि पंधरा मिनिटांत माणूस चहाच्या टपरीवर पोहोचतो.

काही संग्रह एका विषयाचे असतात: पक्षी, रेल्वे, गांधीजी, क्रिकेट. काहींमध्ये एकाच देशाची किंवा काळाची तिकिटं क्रमाने लावलेली असतात. तिसरा प्रकार टपाल इतिहासाचा. यात तिकिटापेक्षा पाकिटाचा प्रवास महत्त्वाचा: कुठून निघालं, किती पैसे लागले, वाटेत कुठले शिक्के बसले, किती दिवसांनी पोहोचलं. गावाकडच्या माणसाने याच फ्रेमपुढे जास्त थांबावं. कारण तिथे मांडलेलं पाकीट आणि घरच्या ट्रंकेतलं पाकीट यांत अनेकदा फरक एवढाच असतो, की एकाची कुणीतरी काळजी घेतली.

संग्राहक जवळपास उभाच असतो. त्याला विचारायला लाजू नये. कितीतरी वर्षं जमवलेल्या गोष्टीबद्दल कुणी विचारतंय म्हटल्यावर बहुतेक जण आनंदाने सांगतात, कधी कधी जरा जास्तच.

सातारा, सिंध आणि अर्धा आणा

पहिल्या काही फ्रेममध्ये बहुधा ‘सिंध डाक’चा उल्लेख सापडतो. मूळ तिकीट जिल्ह्याच्या प्रदर्शनात दिसण्याची शक्यता कमीच, पण चित्र असतं. जगातलं पहिलं टपाल तिकीट इंग्लंडमध्ये १८४० साली निघालं. आशियातलं पहिलं निघालं १ जुलै १८५२ रोजी, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या सिंध प्रांतात. ते काढणारा अधिकारी बार्टल फ्रिअर. हा साहेब सिंधला जाण्याआधी साताऱ्याला रेसिडेंट होता आणि साताऱ्याचं राज्य कंपनी सरकारने खालसा केलं ते त्याच्याच काळात. पुढे तो मुंबईचा गव्हर्नरही झाला. हे तिकीट गोल, उठावाच्या नक्षीचं, किंमत अर्धा आणा. लाल, पांढरं आणि निळं असे तीन प्रकार. लाल तिकीट लाखेसारख्या ठिसूळ पदार्थाचं असल्याने तडकायचं, त्यामुळे आज तेच सर्वांत दुर्मिळ.

१ ऑक्टोबर १८५४ पासून सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तिकिटं आली. त्याआधी पत्र जितकं लांब जाणार तितके पैसे जास्त. आता पाव तोळा वजनाच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या तालुक्यात जावो की कलकत्त्याला. तिकिटं कलकत्त्यात छापली जात. त्यातल्या चार आण्यांच्या दोन रंगी तिकिटावर छपाईच्या चुकीने राणीचं डोकं काही वेळा उलटं छापलं गेलं. ती उलट्या डोक्याची तिकिटं जगात मोजकीच उरली आहेत. नंतर बरीच वर्षं भारताची तिकिटं लंडनहून छापून यायची. १९२५-२६ च्या सुमारास ती नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात छापायला सुरुवात झाली.

मराठवाड्यातल्या वाचकाने निजामाच्या हैदराबाद संस्थानाची फ्रेम शोधावी. या संस्थानाने १८६९ पासून स्वतःची तिकिटं काढली आणि त्यांतल्या अनेकांवर इतर लिप्यांबरोबर मराठी अक्षरंही आहेत. १९३१ च्या मालिकेत आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठा लेण्यांचं प्रवेशद्वार आहे आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा चाँद मिनार. ज्या घरांत निजाम काळातल्या कागदांचं गाठोडं अजून आहे, तिथे ही तिकिटं निघू शकतात. तळकोकणात सीमेपलीकडच्या नात्यागोत्यामुळे पोर्तुगीज गोव्याची पत्रं सापडू शकतात. गोव्यात १८७१ पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांची वेगळी तिकिटं होती.

स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालं: साडेतीन आणे, तिरंगा आणि ‘जय हिंद’. आपल्या माणसांचं म्हणाल तर १९५६ साली लोकमान्य टिळक, १९६१ साली शिवाजी महाराज, १९६६ साली डॉ. आंबेडकर, १९७७ साली महात्मा फुले, १९७९ साली शाहू महाराज. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा मान मात्र वेगळा. त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी, १८ एप्रिल १९५८ ला तिकीट निघालं. हयात असताना ज्यांच्यावर तिकीट निघालं असे ते पहिले भारतीय. जिवंत माणसावर तिकीट काढण्याची रीत आपल्याकडे नाही. २०१३ मध्ये सचिन तेंडुलकरवर निघालं, तो अपवादांपैकीच एक.

शेतकऱ्याच्या पोराला दाखवायची फ्रेम म्हणजे १९७९ पासून आलेली रोजच्या वापरातल्या तिकिटांची मालिका. १० पैशांवर पाटबंधारे, २५ पैशांवर कोंबडीची पिल्लं, ५० पैशांवर दूधव्यवसाय, रुपयावर कापूस, सव्वादोन रुपयांवर काजू. पत्र पाठवताना हीच चित्रं चाटून चिकटवली, पण कुणी नीट बघितली नाहीत. लहान मुलांची गर्दी होते ती चंदनाच्या वासाच्या तिकिटापाशी. २००६ साली निघालेलं हे १५ रुपयांचं तिकीट. फ्रेममधल्या तिकिटाचा वास घेता येत नाही, तरी पोरं नाक लावून बघतातच. खादीच्या कापडावर छापलेलं गांधीजींचं १०० रुपयांचं तिकीटही असंच नवलाईचं. ते फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात प्रकाशित झालं.

बिनतिकिटाचं पाकीट आणि फौजी घरं

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या फौजेत माणसं देणारी गावं आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर ‘मिलिटरी’ हेच नाव चिकटलं. अशा घरांतली पत्रं टपाल इतिहासाच्या संग्राहकांना का हवी असतात, हे एकदा समजून घ्यायला हवं. कारण सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं.

लढाईवर असलेल्या जवानाच्या पत्राला बऱ्याचदा तिकीट लागत नसे. पाकिटावर ‘ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस’ असं लिहिलेलं, लष्करी टपाल कार्यालयाचा नंबर असलेला गोल शिक्का आणि पत्र तपासणाऱ्या सेन्सॉरचा शिक्का. ‘तिकीटच नाही, याला काय किंमत’ म्हणून हेच पाकीट आधी फेकलं जातं. खरं तर फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख यांवरून ती पलटण त्या दिवशी कुठे होती, याचा माग काढता येतो. घरच्यांना आजोबा ‘लांब कुठेतरी लढाईला’ गेले होते एवढंच माहीत असतं. तो देश कोणता होता, हे सांगणारा घरातला एकमेव कागद हाच असू शकतो.

पहिल्या महायुद्धात परदेशी गेलेल्या हिंदी फौजेसाठी तिकिटांवर ‘आय. ई. एफ.’ ही अक्षरं छापली होती. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये भारतीय तुकडी कोरियाला युद्धकैद्यांची देखरेख करायला गेली, तेव्हा तिच्यासाठीच्या तिकिटांवर हिंदीत ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असं छापलं होतं. १९६२ मध्ये काँगोसाठी आणि १९६५ मध्ये गाझासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सेनेतल्या भारतीय जवानांच्या तिकिटांवर तशीच वेगळी छपाई झाली. कुणाच्या घरी हे तिकीट सुटं सापडलं तर ठीकच. पण त्याच जवानाने गावच्या पत्त्यावर पाठवलेल्या पाकिटावर, शिक्क्यासकट सापडलं, तर प्रदर्शनातला जाणकार खुर्ची ओढून बसतो.

अलीकडची पत्रं ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’ अशा पत्त्याची. जवान नेमका कुठे आहे हे कळू नये म्हणून हा पत्ता. १९६२, १९६५, १९७१ च्या तारखांची अशी पाकिटं वेगळी काढून ठेवावीत. १९७१ च्या ट्रंकेत आणखी एक खूण सापडते. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून पत्रावर ५ पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या ५ पैशांच्या तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ असा छाप मारून ते वापरलं, नंतर निर्वासितांचं चित्र असलेलं वेगळं तिकीट आलं. मार्च १९७३ अखेरपर्यंत हे चाललं. तिकीट अगदी साधं, किंमतही फार नाही. पण गावातल्या माणसानेही त्या लढाईचा खर्च पाच-पाच पैशांनी उचलला होता, हे त्या पाकिटावर लिहिलेलं आहे.

फौजेचं नाही तरी गिरणीचं असतंच. मुंबईला गिरणीत असलेल्या माणसाच्या मनिऑर्डरचं खालचं कूपन, त्यावर दोन ओळी: पैसे पाठवले, बैलाचं बघा, थोरल्याला शाळेत घाला. तीही जपावीत. तारेचे कागदही. ‘तार आली’ म्हटलं की गावात आधी रडारड व्हायची, मग तार वाचली जायची. ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आता तारेचा कागद नवा तयार होणार नाही.

पाकिटाचं वय कसं ओळखायचं

शिक्क्यावरची तारीख पुसट असेल तरी अंदाज बांधता येतो. किंमत आण्यात असेल तर तिकीट १ एप्रिल १९५७ च्या आधीचं. ‘नये पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचं. नुसते ‘पैसे’ असतील तर त्यानंतरचं. राजाचं डोकं असेल तर ते इंग्रजी अमलातलं. पत्त्यात पिनकोड नसेल तर पाकीट १९७२ आधीचं असण्याची शक्यता बरीच, कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. ही पद्धत बसवणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातलेच, आणि संस्कृतातले कवीही. पिनकोड आला तरी लोक कितीतरी वर्षं तो लिहीतच नव्हते, त्यामुळे एकट्या या खुणेवर भिस्त ठेवू नये.

शिक्क्यातलं गावाचं नाव नीट वाचावं. उस्मानाबाद, अहमदनगर, औरंगाबाद ही नावं असलेले शिक्के आता जुन्या काळात जमा झाले. काही जुन्या शिक्क्यांत ‘एक्सपेरिमेंटल पी. ओ.’ अशी अक्षरं दिसतात. नवं पोस्ट आधी प्रायोगिक म्हणून उघडायचं आणि कामकाज बघून मग कायम करायचं, अशी ती पद्धत. आपल्या गावचं पोस्ट मुळात कधी सुरू झालं, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरात मिळालं नाही तरी अशा शिक्क्यावरून कळू शकतं.

काय करू नये

पाकिटावरून तिकीट फाडू नये. कात्रीने कापूही नये. सेलोटेप लावू नये, तिचा डिंक काही वर्षांत कागद पिवळा करतो आणि मग काहीच करता येत नाही. लॅमिनेशन तर अजिबात नको. सातबारा लॅमिनेट करायची सवय असलेले लोक हौसेने जुनं पत्रही करून आणतात, आणि ते कायमचं वाया जातं. बॉलपेनने मागे नाव-तारीख लिहू नये, लिहायचंच तर वेगळ्या चिठ्ठीवर. शिक्का पुसून तिकीट पुन्हा वापरायचा प्रयत्न हा गुन्हा आहे, गंमत म्हणूनही तो करू नये.

पाकीट आधीच फाटून नुसता कपटा उरला असेल तरच तिकीट सोडवावं. कोमट पाण्यात अर्धा तास ठेवलं की ते आपोआप सुटतं. ओढायचं नाही. मग चित्राची बाजू खाली करून टीपकागदावर सावलीत वाळवायचं आणि वहीत दाबून ठेवायचं. पावसाळ्यात हवेतली ओल आणि कसर या दोनच शत्रूंपासून जपायचं असतं. लोखंडी ट्रंक भिंतीपासून दूर, विटांवर ठेवावी. पाकिटं बटरपेपरमध्ये सुटी-सुटी ठेवावीत आणि वर्षातून दोनदा सावलीत हवा द्यावी. उन्हात टाकली तर रंग उडतो.

‘याचे किती येतील?’

प्रदर्शनातल्या व्यापाऱ्यांच्या टेबलांपाशी हा प्रश्न सर्वांत जास्त ऐकू येतो. उत्तर बहुतेकांना आवडत नाही: फारसे नाही. तिकीट जुनं म्हणजे महाग, हा मोठा गैरसमज. सत्तर वर्षांपूर्वीचं तिकीटही लाखोंनी छापलेलं असेल तर दोन-पाच रुपयांत टोपलीत पडलेलं दिसतं. किंमत ठरते ती किती उरली, अवस्था कशी, दाते शाबूत आहेत का, शिक्का कुठला आणि ते पाकिटावर आहे का, यावर.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बातमीत अर्धं सत्य असतं. १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेल्या गांधीजींच्या तिकिटांपैकी दहा रुपयांच्या थोड्या तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी ‘सर्व्हिस’ असं छापलं होतं. अशा चार तिकिटांची एक पट्टी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली, हे खरं. पण त्यानंतर गांधीजींची तिकिटं कितीतरी वेळा निघाली, रोजच्या पत्रांना लागली. घरोघरी सापडतात ती हीच.

इथेच फसवणूक होते. ‘जुनी नोट, नाणं, तिकीट दाखवा, लाखो मिळवा’ अशी जाहिरात येते. फोटो मागवतात, मोठा भाव सांगतात आणि मग नोंदणी फी, जीएसटी, कमिशन म्हणून आधी पैसे भरायला लावतात. एकदा भरले की आणखी मागतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जुन्या नोटा आणि नाण्यांच्या अशा व्यवहारांबद्दल जाहीर इशारा दिला होता: बँक असे व्यवहार करत नाही आणि आपल्या नावाने फी घ्यायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. तिकिटांच्या बाबतीत वापरली जाणारी युक्ती तीच आहे. खरा गिऱ्हाईक विकणाऱ्याकडून आधी पैसे मागत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

प्रदर्शनात जाताना सगळी ट्रंक घेऊन जाऊ नये. मोबाईलवर दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढावेत आणि चार-पाच पाकिटं फाइलमध्ये घालून न्यावीत. आधी फ्रेम लावणाऱ्या संग्राहकांना दाखवावीत, व्यापाऱ्याला नंतर. दोघा-तिघांचं मत घ्यावं. वस्तू हातातून सोडू नये, आणि त्याच दिवशी विकू नये. भाव चांगला असेल तर तो पुढच्या महिन्यातही मिळेल. आजोबांचं पत्र विकायचं की नाही हे भावाबहिणींना विचारून ठरवावं, नाहीतर पुढे बांधाइतकंच ते भांडण चालतं.

पोरांसाठी

व्यापाऱ्यांकडे मिश्र तिकिटांची छोटी पाकिटं स्वस्तात मिळतात. सुरुवातीला तेवढं पुरे. एक चिमटा, एक साधा अल्बम आणि एक विषय: बैल, पक्षी, किल्ले, काहीही. सगळंच जमवायला निघालं तर दोन महिन्यांत कंटाळा येतो. काउंटरवर ‘माय स्टॅम्प’ची सोय असेल तर स्वतःचा फोटो असलेलं तिकीट छापून मिळतं. किती पैसे लागतील ते तिथेच विचारावं.

सहावी ते नववीच्या मुलांच्या पालकांनी फिलाटेली काउंटरवर ‘दीनदयाळ स्पर्श’ योजनेचं नाव काढावंच. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या शिष्यवृत्तीत निवड झालेल्या विद्यार्थ्याला वर्षाला ६,००० रुपये मिळतात, म्हणजे महिन्याला ५००. देशभरात अशा ९२० शिष्यवृत्त्या ठेवल्या आहेत. आधीच्या परीक्षेत ६० टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्क्यांची सूट. शाळेत फिलाटेली क्लब असावा आणि मूल त्याचं सभासद असावं. क्लब नसेल तर मुलाच्या स्वतःच्या नावावर फिलाटेली ठेव खातं असलं तरी अर्ज करता येतो. निवड प्रश्नमंजूषा आणि तिकिटांवरच्या प्रकल्पातून होते. ठेव खातं किमान २०० रुपये भरून उघडता येतं, मग नवी तिकिटं पोस्टाने घरी येतात. खेड्यातल्या शाळांना या योजनेची खबरच नसते, ही खरी अडचण. एखाद्या गुरुजींनी मनावर घेतलं तर क्लब काढायला मोठा खर्च नाही. अर्जाची तारीख दरवर्षी विचारून घ्यावी लागते.

निघण्याआधी

फ्रेमचे फोटो काढायचे असतील तर विचारून, फ्लॅश बंद करून काढावेत. फलकावर हात किंवा कोपर टेकवू नये. घरून पाण्याची बाटली न्यावी, पण फ्रेमजवळ उघडू नये. दुपारी भाकरी बाहेर झाडाखाली खावी आणि परत आत यावं. दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीत सुटलेलं दिसतं.

निघताना ५० पैशांचं एक पोस्टकार्ड घ्यावं. त्यावर घरच्याच कुणाला चार ओळी लिहाव्यात, शक्यतो ज्यांना येता आलं नाही त्यांना, आणि त्या दिवसाचा खास शिक्का मारून घेऊन तिथल्याच पेटीत टाकावं. संध्याकाळी पेटी उघडतात, फ्रेममधली पानं मालक एकेक करून काढून घेतात, टेबलं आवरली जातात. शेवटची एसटी गाठून माणसं गावी पोहोचतात. पोस्टकार्ड मागून येतं, तीन-चार दिवसांनी, गावच्या पोस्टमनच्या हातून.